सकपाळ हवालदारांची टीम

आमच्या कॉलेजात बास्केटबॉल आला तो हवालदार सकपाळांच्या ट्रंकेतून. साठ सालानंतरची ती पहिलीवहिली वर्षं. महाडला कॉलेज निघून जेमतेम दोन पावसाळे झाले होते. इमारत भाड्याची, ग्रंथालय म्हणजे तीन कपाटं आणि जिमखाना म्हणजे एक कॅरमबोर्ड, त्यातली राणी हरवलेली. मी अर्थशास्त्र शिकवायला नुकताच लागलो होतो आणि वयाने सगळ्यांत लहान म्हणून त्या कॅरमबोर्डाचं प्रमुखपद माझ्या गळ्यात पडलं होतं. एक दिवस प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. त्यांच्या टेबलासमोर खाकी अर्धी विजार आणि पांढरा सदरा घातलेला, पंचेचाळिशीचा, सहा फुटी माणूस ताठ उभा होता.

"हे हवालदार सकपाळ," प्राचार्य म्हणाले. "पोलादपूरकडचे. फौजेतून पेन्शनीवर आलेत. आजपासून कॉलेजचे खेळ हे बघतील. आणि यांना तुम्ही बघा."

मी बघायचं म्हणजे ते मागतील त्या अर्जावर सही करायची. पहिल्याच संध्याकाळी हवालदार मला कॉलेजमागच्या आपल्या खोलीत घेऊन गेले. एक खाट, एक कंदील, एक काळी पत्र्याची ट्रंक, एवढाच संसार. बायको गावाकडे, भावांच्या एकत्र कुटुंबात. त्यांनी ट्रंक उघडून फौजेच्या हिरव्या स्वेटरात गुंडाळलेला, हवा गेलेला एक कातडी चेंडू बाहेर काढला. "पलटनीच्या टीमचा बॉल हाय, साहेब. निरोपाला दिला मला." दुसऱ्या दिवशी बाजारपेठेतल्या सायकलवाल्याने त्यात हवा भरली आणि हा कसला एवढा मोठा बॉल म्हणून चार माणसं भोवती जमली. महाडात तोवर हा खेळ कुणी पाहिलेला नव्हता. मीही नव्हता पाहिलेला, पण मी प्रमुख असल्यामुळे ते कुणाला सांगितलं नाही.

त्या चेंडूचे लाड बघण्यासारखे होते. पोराला न्हाऊ घालावं तसं ते त्याला खोबरेल चोळायचे. बूड चपटं होऊ नये म्हणून रात्री चुंबळीवर ठेवायचे. एखाद्या पोराने चेंडूला चुकून पाय लावला, तर तो चेंडू डोक्यावर घेऊन मैदानाला तीन फेऱ्या मारायच्या, ही शिक्षा. मारणं नाही, शिव्या नाहीत. फौजी माणूस म्हणजे तोंडाचा तोफखाना असणार अशी माझी समजूत होती. हवालदार शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना "साहेब" म्हणत आणि सामना चालू असताना एक शब्द बोलत नसत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ग्राउंडावर पोरगा एकटा असतो, साहेब. भायेरून वरडला की तो दोन ठिकानी ऐकतो. मंग कुटलंच धड नाय व्हत."

त्यांचं आवडतं वाक्य होतं, "बगू नको, बगून ठेव." चेंडू हातात आल्यावर कुणाला द्यायचा ते शोधत बसायचं नाही, यायच्या आधीच पाहून ठेवायचं. हे वाक्य माझ्या इतकं अंगवळणी पडलं, की पुढे आयुष्यभर मी ते विद्यार्थ्यांना परीक्षेच्या बाबतीत ऐकवत आलो. ऐकवणाऱ्याने स्वतः काय बघून ठेवलं, ते पुढे येईलच.

मैदान त्यांनी केलं ते खळ्यासारखं. सिमेंट आणायला कॉलेजकडे काही नव्हतं. मग त्यांनी पोरांकडून जमीन खणून घेतली, ढेकळं फोडली, पाणी मारून दिवसचे दिवस चोपण्यांनी चोपली आणि वरून शेणाचा सडा घालून सारवली. शेतकऱ्यांचीच पोरं ती, त्यांना शिकवावं लागलं नाही. दोन टोकांना सागाचे खांब, त्यावर फळ्या, आणि लोहाराकडून माप देऊन करून घेतलेल्या कड्या. चेंडू त्या जमिनीवर असा काही उसळायचा, की मुंबईहून आलेल्या एका पाहुण्याने खाली सिमेंट आहे का म्हणून नखाने खरवडून पाहिलं. पण एकदा खळं म्हटलं की खळ्याचे नियम आले. नारळ फुटला, आणि त्यानंतर त्यावर वहाणा घालून कुणी पाऊल टाकायचं नाही असं ठरलं. पोरं अनवाणी खेळायची. सामन्यासाठी बुटांची सवय हवी, म्हणून अधूनमधून त्यांना कॅनव्हासचे बूट घालून डांबरी रस्त्यावर पळवलं जायचं.

उद्घाटनाच्या दिवशी प्राचार्य चकचकीत बूट घालून भाषणाला निघाले आणि रेषेपाशी हवालदार आडवे आले. "साहेब, खळ्यावर वहाना नाय." अख्खं कॉलेज पाहत होतं. प्राचार्य एका पायावर उभे राहून बुटाची नाडी सोडू लागले, तोल गेला, हवालदारांनीच त्यांना धरलं. पोरं हसली. प्राचार्यही हसले, पण ते हसणं मला फारसं आवडलं नाही. माणूस वाईट नव्हता. फक्त मोज्याला भोक होतं आणि ते सगळ्यांनी पाहिलं.

पुढच्या जूनमध्ये विद्यापीठाचं पत्र आलं. खेळ शिकवणारा माणूस त्या विषयाची पदविका घेतलेला असावा. नसेल, तर कॉलेजने त्याच्या कामाचा दाखला देऊन खास शिफारस करावी. हवालदार सातवी पास होते. प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावून सरळ सांगितलं, "शिफारस करायला माझी ना नाही. पण कागदावर काहीतरी दाखवायला हवं. यंदा मुंबईला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आहेत. तुमच्या मार्गदर्शनाखाली टीमने पहिली फेरी जिंकली, की मी लिहितो."

बाहेर आल्यावर मी हवालदारांची समजूत काढायला गेलो, तर तेच माझी काढू लागले. "पोटाचा प्रश्न नाय, साहेब. पेन्शन हाय, गावाला भात हाय." थोडं चालल्यावर म्हणाले, "प्रश्न संध्याकाळचा हाय. गावाला संध्याकाळी मानसं काय करतात ते मी इसरलो." एवढंच बोलले. पण त्यांना काय हवं होतं ते मला त्या दिवशी कळलं, आणि त्यानंतर मी त्या खेळाकडे जरा काळजीने बघू लागलो.

टीममध्ये सात पोरं. त्यातली दोन सांगतो, म्हणजे बाकीची आपोआप कळतील. इब्राहिम तुडीलचा, सावित्रीच्या काठचा. घरच्यांचा गलबतावरचा जुना धंदा. बुटका, चपळ, तोंडाने अखंड बडबड. चेंडू त्याच्या तळहाताला चिकटलेला असायचा. आणि लखू मोरे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी असलेल्या वाडीतला. हा हवालदारांपेक्षाही बोटभर उंच, दिवसातून चार शब्द बोलणारा. इब्राहिमने चेंडू वर फेकायचा आणि लखूने तो कडीपाशी जाऊन अलगद आत सोडायचा, यात आमच्या टीमचं अर्धं शास्त्र संपत होतं. पावसाळ्यात बाजारात सावित्रीचं पाणी शिरलं, मैदानाचा चिखल झाला, तेव्हा हवालदारांनी एका व्यापाऱ्याच्या भाताच्या गोदामात सराव घेतला. पोरं कोंड्याने पांढरी होऊन बाहेर पडत. दसऱ्याला मैदान पुन्हा चोपून सारवलं आणि टीम अशी काही खेळू लागली, की शेजारच्या तालुक्यातून आलेल्या दोन संघांना त्यांनी चारी मुंड्या चीत केलं. हवालदार चेंडूला जरा जास्तच खोबरेल चोळू लागले.

आणि मग लखू यायचा बंद झाला.

त्याचे वडील, सखाराम मोरे, बांधावरून पडले आणि उजवा हात मोडला. शेतात भात पिवळं होऊन उभं. घरात कापणारा दुसरा पुरुष नाही. चार दिवस गेले, आठ गेले. लखू नसल्यावर इब्राहिम चेंडू वर फेकायचा आणि तो खाली यायचा, बस. मी म्हटलं, "पत्र पाठवूया." हवालदार म्हणाले, "पत्रानं भात कापत नाय, साहेब." शनिवारी सकाळी त्यांनी उरलेल्या सहा पोरांना एस.टी.त घातलं, मलाही घातलं, पोलादपूरला उतरवलं आणि चालवत लखूच्या वाडीत नेलं. म्हणाले, "इर्जिक करू."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. एखाद्याचं काम अडलं की सगळ्या वाडीने एक दिवस त्याच्या शेतात उतरायचं, मजुरी घ्यायची नाही, त्याने जेवू घालायचं, ही इर्जिक. कॉलेजची पोरं भात कापायला आलीत म्हटल्यावर वाडीला गप्प बसवेना. घरटी एक माणूस विळा घेऊन आला. अकरा घरं, अकरा माणसं, वर आमची सेना. हवालदार सगळ्यांच्या पुढे, ओणवे, विळा असा चालत होता की वीस वर्षं त्यांनी बंदूक धरली यावर कुणाचा विश्वास बसला नसता. इब्राहिमने जन्मात विळा धरला नव्हता. पहिल्याच मुठीला त्याने बोट कापून घेतलं आणि बायका हसू लागल्या. तेव्हा मोडका हात झोळीत घालून बांधावर बसलेले सखारामबाबा म्हणाले, "त्याला शेतात नको. कोंबडी कापाया त्यालाच लावा. त्याच्या हातची आसली म्हंजे तो बी जेवल, आपुन बी जेवू." मग इब्राहिम मानाने अंगणात गेला. दुपारी तांदळाच्या भाकऱ्या आणि त्याच्या हातच्या कोंबडीचा रस्सा सगळ्यांनी एका पंगतीत खाल्ला. रविवारी दुपारपर्यंत शेत मोकळं झालं. सोमवारी लखू मैदानावर हजर. मला वाटलं, जिंकलो.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, ते असं. इर्जिकीला आलेल्या माणसाची फेड करावी लागते. त्याच्या शेतात कापणी लागली की आपल्या घरचा माणूस गेला पाहिजे. आमच्या पोरांची फेड नव्हती, ती पाहुणी. पण वाडीतली अकरा घरं होती, आणि मोऱ्यांच्या घरात धड हातांचा पुरुष एकच. आम्ही न जाता लखू एकटाच कापत बसला असता, तर पंधरा दिवसांत मोकळा झाला असता. आम्ही गेलो म्हणून वाडी आली, आणि वाडी आली म्हणून लखू अकरा घरांना बांधला गेला, तेही ज्याचं भात जेव्हा पिकेल तेव्हा. मी पुण्याचा, मला हे कुठून कळणार. पण हवालदार तर तिथल्याच मातीतले! मी विचारलं तेव्हा ते बराच वेळ हातातल्या चेंडूची शिवण चाचपत राहिले. "फौजेत काम झालं की झालं, साहेब. वीस वर्षांत वाडीची रीत डोक्यातून गेली. ही माझी चूक."

लखू आठवड्यातून दोन-तीन दिवस गायब होऊ लागला. एकेक घर फिटत गेलं. शेवटी तीन घरं उरली, तिघांचंही गरवं, म्हणजे उशिरा पिकणारं भात. स्पर्धा शुक्रवार-शनिवारी होती. बुधवारी आभाळ भरून आलं. अवेळी पाऊस पडला की उभं भात आडवं होतं, म्हणून वाडीने गुरुवार, शुक्रवार, शनिवार या तीनच दिवसांत कापणी उरकायची ठरवली. लखूचा निरोप आला: येता येत नाही.

गुरुवारी सकाळी आम्ही दोघं पुन्हा त्या वाडीत. लखू धोंडू कदमाच्या शेतात कापत होता. आम्हाला पाहून सरळ उभा राहिला आणि मान खाली घातली. सखारामबाबा झोळीतला हात सांभाळत आले. ते रागावले असते, अडून बसले असते, तर बरं झालं असतं. माझ्याजवळ भाषण तयार होतं. पण ते हळूच म्हणाले, "न्या पोराला, हवालदार. तुमी माझ्यासाटी आलाव, मी नाय कसा म्हनू? पन तीन दिस माझ्या घरचा मानूस या लोकांना दिसला नाय, तर फुडल्या वर्साला माझ्या बांधावर कोन येल? माझा हात बरा व्हईल का नाय, देवाला ठाव."

धोंडू कदम म्हणाला, "जाऊ दे त्याला, सखाराम. आमी बगू."

"आज म्हनशील बगू," सखारामबाबा म्हणाले. ते रागाने नव्हतं. धोंडूलाही ते पटलं असावं, कारण त्याने मान हलवली.

मी आभाळाकडे पाहिलं, धोंडू भाताकडे पाहत होता. हवालदारांनी एकदा लखूकडे पाहिलं आणि सदऱ्याची बटणं काढायला लागले. सदरा काढून नीट घडी करून बांधावर ठेवला.

"घरचा मानूस म्हंजे मानूसच ना, सखारामदादा? कोन ते नाय ना?"

"तुमी?" सखारामबाबांचा चेहरा कसनुसा झाला. "तुमी कसं? तुमची म्याच हाय."

"मॅच पोरांची हाय. लखू, विळा दे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी त्यांना बाजूला ओढलं. "हवालदार, असं करू नका. प्राचार्यांचे शब्द आठवा. तुमच्या मार्गदर्शनाखाली, म्हणालेत ते. तुम्ही तिथे नसलात तर..."

"लखू नसला तर पयली फेरी नाय," ते म्हणाले. "मी नसलो तर पयली फेरी हाय. मंग?"

मी म्हटलं, "मला या खेळातलं काही कळत नाही हो." त्यावर त्यांनी मला पोरांसारखे हुकूम दिले. "एका हाफला दोन टाइमआउट. पोरं वाकून गुडघ्यावर हात ठेवाया लागली की घ्या. आनि काय बोलू नका. पानी द्या." आणि ते ओणवे झाले. लखू त्यांच्या पाया पडायला वाकला, तर त्याला कोपराने ढकलून म्हणाले, "जा, गाडी चुकंल." वळणावरून मी मागे पाहिलं. कापणाऱ्यांच्या ओळीत सगळ्यात मोठी पाठ त्यांची होती.

शुक्रवारी साडेचारला मुंबईत आमचा सामना सुरू झाला. मी बाकावर बसलो होतो, मांडीवर पाण्याची कळशी. समोरच्या संघाचे मार्गदर्शक उभे राहून ओरडत होते, हात हलवत होते, आणि मला आमच्या पोरांची इतकी कीव आली की सांगता सोय नाही. पोरं सवयीने बाकाकडे बघायची आणि मी दिसायचो. लखूचे तळहात विळ्याने फाटलेले. चेंडू झेलला की तो डोळे मिटायचा. पहिल्या हाफला आम्ही बारा गुणांनी मागे. मी टाइमआउट घेतला तोही भीतीने. पोरं भोवती बसली. इब्राहिम म्हणाला, "सर, हवालदार असते तर काय म्हणाले असते?"

"पाणी प्या म्हणाले असते," मी म्हटलं.

पोरं पाणी प्यायली. आणि काय झालं देव जाणे, दुसऱ्या हाफला इब्राहिमची बडबड बंद झाली. तो बघून ठेवू लागला. शेवटच्या मिनिटाला एका गुणाने मागे असताना त्याने न बघता चेंडू वर फेकला, लखूचा तो फाटका हात वर गेला आणि चेंडू कडीतून खाली आला. आम्ही एका गुणाने जिंकलो. मी उडी मारली, कळशी सांडली. शनिवारी दुसऱ्या फेरीत आम्ही दाणकन हरलो, पण त्याचं कुणाला काय! पहिली फेरी हवी होती, ती मिळाली होती.

रविवारी संध्याकाळी महाडच्या स्टँडवर हवालदार उभे होते. हाताला चिंध्या बांधलेल्या. बस थांबायच्या आत पोरांनी खिडक्यांतून ओरडून सांगितलं. त्यांनी आधी लखूचे हात बघितले, मग म्हणाले, "आता पयल्यापासून सांगा." स्टँडच्या धुळीत काडीने मैदान काढलं. प्रत्येक पोराला त्याच्या जागी उभं केलं. "मंग तू कुटं व्हतास? त्यांचा उंच पोरगा कुटं व्हता? बॉल कोनाच्या डाव्या बाजूनं आला?" चाळीस मिनिटांचा सामना पोरांनी दीड तास सांगितला. लोक जमले, दोन ड्रायव्हर जमले. शेवटच्या फेकीपाशी आल्यावर इब्राहिमने न बघता हात वर केला, आणि हवालदार काडी टाकून धुळीत बसकण मारून हसले. त्यांना तसं हसताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

घोड्याने पेंड खाल्ली ती सोमवारी. स्पर्धेचा अहवाल म्हणून एक छापील कागद भरायचा होता आणि संघाबरोबर गेलेला प्राध्यापक म्हणून तो मीच भरायचा होता. त्यात एक रकाना होता: संघाचे मार्गदर्शक सामन्यांना उपस्थित होते काय? मी तो कागद घेऊन दोन तास बसलो. "होते" लिहिलं असतं तर कदाचित कुणी पाहिलंही नसतं. कदाचित पाहिलं असतं. स्पर्धेच्या वहीत मार्गदर्शकाच्या सहीची जागा कोरी होती. माझी नोकरी नवी. मी लिहिलं, "नव्हते." खरेपणाने लिहिलं की भित्रेपणाने, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. खरेपणाने, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो.

मग प्राचार्यांकडे गेलो आणि सगळी हकिकत सांगितली. त्यांनी मधे न बोलता ऐकली. त्यांचे डोळेही जरा ओलावले, हे मी त्यांच्या बाजूने नमूद करतो. मग म्हणाले, "प्रोफेसर, मी काय लिहू सांगा. सामना जिंकला तो तुमच्या उपस्थितीत. मार्गदर्शक भात कापत होते, असं लिहू? शिफारशीत?"

मी म्हटलं, "तसंच लिहा."

"विद्यापीठाला इर्जिक कोण समजावणार?" ते म्हणाले.

शिफारस गेली नाही. जानेवारीत पदविकावाले एक तरुण गृहस्थ आले, चांगले होते, पोरांना आवडलेही. हवालदारांनी त्यांना चेंडू दिला, खोबरेलाची बाटली दिली, मैदान कसं सारवायचं ते सांगितलं. पोरांना समारंभ करायचा होता. ते नको म्हणाले. लखू त्यांची ट्रंक घेऊन पोलादपूरपर्यंत गेला. मी निरोपाला गेलो नाही. माझा तास होता, असं मी सांगितलं, आणि तास खरोखरच होता. मला त्यांच्यासमोर उभं राहवत नव्हतं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते पुढच्या हंगामात. साताऱ्याकडे सामना होता म्हणून टीम घेऊन आम्ही घाटातून निघालो होतो. पोलादपूरला गाडी दहा मिनिटं थांबली. स्टँडवर भाताची पोती उतरत होती आणि त्यात हवालदार. धोतर नेसलेले, डोक्याला मुंडासं. आधी मी ओळखलंच नाही. पोरं धडाधड उतरली, त्यांना घेरलं. ते एकेकाचे दंड चाचपून बघत होते. नव्या पोरांनाही. मग माझ्या खिडकीशी आले.

मी म्हटलं, "हवालदार, तो कागद मी भरला होता. मार्गदर्शक नव्हते, असं मीच लिहिलं."

"ठाव हाय साहेब. नव्हतोच ना मी." त्यांनी खिडकीच्या गजावर हात ठेवला. हाताला कापणीचे नवे ओरखडे होते. "आनि खरं सांगू का? येकदम नव्हतो, असं पन नाय."

मी गजाशी वाकलो.

"त्या शुक्रवारी ढगात दिस कुटं दिसत नव्हता. टाइम कळना. पन साडेचारला घाटावरून म्हाबळेश्वरची गाडी खाली उतरते, ती उतरताना बगितली, आनि इळा खाली ठेवला. उबा ऱ्हायलो. धोंडू म्हनला, काय झालं हवालदार? म्हनलं, काय नाय, मॅच चालू झाली. वर पाऊस, आनि भात उबं. मला वाटलं, आता हा शिव्या देनार. त्यानं इळा ठेवला. त्याच्या बायकोनं ठेवला. मंग सगळीच उबी ऱ्हायली, चाळीस मिनटं. कोन काय बोलला नाय."

कंडक्टरने घंटी दिली. पोरं धावत चढली. मला काहीतरी बोलायचं होतं, निदान त्यांचा हात धरायचा होता, पण गाडी हलली आणि गजावरचा त्यांचा हात सुटला. मी मागे वळून पाहिलं, तेव्हा ते एका म्हाताऱ्याच्या डोक्यावर पोतं चढवून देत होते.